धडधड कशाची? इन्सुलिन घेत गाडी शिकताना

क्लच सोडताना डावा पाय थरथरतो. तळहातांना घाम सुटतो. छातीत धडधडतं, मागचा रिक्षावाला हॉर्न दाबून धरतो आणि आता कुठला गियर टाकायचा ते क्षणभर सुचत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या आठवड्यात हे प्रत्येकाचं होतं. शेजारी बसलेले सर म्हणतात, "घाबरू नका, सवय होईल."

इन्सुलिन घेणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. रक्तातली साखर ६५-७० च्या खाली उतरली की शरीर नेमकं हेच करतं. थरथर, घाम, धडधड, न सुचणं. भीती आणि 'शुगर लो' दोन्हींत ॲड्रेनलिनच सुटतं, त्यामुळे आतून दोन्ही सारखंच वाटतं. एरवी घरात बसलेलं असताना "मला लो वाटतंय" हे ज्याला पक्कं कळतं, त्यालाही स्टिअरिंगवर बसल्यावर ते कळेलच असं नाही. आणि सर तर धीर देऊन पुढे न्यायलाच बसलेले असतात. म्हणून गाडी शिकण्याच्या काळापुरता तरी एक नियम मनाशी घट्ट बांधावा: काय वाटतंय यावर चालायचं नाही, आकड्यावर चालायचं.

खालचं सगळं मुख्यतः टाइप वन मधुमेह असलेल्यांसाठी आहे. पण टाइप टूमध्ये जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी घेतात, त्यांनाही ते तितकंच लागू आहे, कारण या गोळ्यांनीही साखर खाली जाते. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी. आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमधले, आपल्या ग्लुकोमीटरवर दिसतात ते.

कायदा काय विचारतो

आधी मनातली भीती काढू. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, म्हणून खाजगी गाडीचं लायसन्स मिळत नाही असा नियम आपल्याकडे नाही. लर्निंगसाठी अर्ज करताना फॉर्म १ भरावा लागतो. ते स्वतःच्या प्रकृतीबद्दलचं स्वयंघोषणापत्र असतं. त्यात मधुमेहाचं नावही नाही. फेफरं येतं का, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते वा चक्कर येते का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. हातापायाच्या ताकदीत काही दोष आहे का. रंग ओळखण्यात काही दोष आहे का. रातांधळेपणा आहे का. नेहमीचा हॉर्न ऐकू येतो का. आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक वाहनाचं लायसन्स काढणाऱ्यांना याशिवाय फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पहिला आणि शेवटचा प्रश्न आपल्यासाठी. इथे एजंट पटापट सगळीकडे 'नाही' टिचकवून टाकतो. तसं करू देऊ नका, प्रश्न स्वतः वाचून स्वतः उत्तर द्या. साखर स्थिर आहे, लो होताना कळतं, वर्षभरात कधी शुद्ध हरपलेली नाही, तर 'नाही' हे खरं उत्तर आहे. पण गेल्या काही महिन्यांत जागेपणी अशी लो झाली असेल की दुसऱ्याला तोंडात साखर घालावी लागली किंवा दवाखान्यात न्यावं लागलं, तर अर्जच आता करू नये. आधी डॉक्टरांशी बोलून डोस बसवून घ्यावेत. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. आपल्या आजाराने लोकांना धोका आहे हे माहीत असूनही गाडी चालवली तर कलम १८६ खाली दंड आहे, पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी २,००० पर्यंत. रक्कम छोटी वाटते. पण अपघातानंतर वकील जो प्रश्न विचारतो, तो याच कलमातला "माहीत असूनही" हा शब्द धरून विचारतो.

साखर किती असताना गाडी चालवावी याबद्दल आपला कायदा काहीच बोलत नाही. मग मापदंड बाहेरून घ्यावा लागतो, आणि मला ब्रिटनचा सर्वांत स्वच्छ वाटतो. तिथल्या मराठी मंडळींना तो पाठच असेल, कारण तिथे इन्सुलिन घेणाऱ्याने डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या लायसन्स खात्याला, कळवणं सक्तीचं आहे आणि लायसन्स एक ते तीन वर्षांच्या मुदतीचंच मिळतं. तिथला नियम असा: निघण्याआधीच्या दोन तासांत एकदा साखर बघा, चालवताना दर दोन तासांनी बघा. ५ मिलिमोल म्हणजे आपले ९०. तेवढी किंवा कमी असेल तर आधी काही खा. ४ मिलिमोलच्या, म्हणजे ७२ च्या खाली असेल किंवा लो वाटत असेल, तर चालवूच नका. बारा महिन्यांत जागेपणी एकापेक्षा जास्त वेळा दुसऱ्याच्या मदतीची गरज पडली, तर गाडी बंद ठेवून डीव्हीएलएला कळवावं लागतं.

शिकाऊ माणसाने यात १० वाढवून १०० ही खालची रेघ धरावी असं माझं मत आहे. नव्याने गाडी शिकताना मेंदू एकाच वेळी आरसा, क्लच, खड्डा आणि समोरून उलट्या बाजूने आलेली स्कूटर सांभाळत असतो. त्याला थोडी गंगाजळी हवी.

क्लासची वेळ कुठली घ्यायची

बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर रोज अर्धा तास असतो, आणि "तुम्हाला कुठला टाइम हवाय?" असं आधीच विचारतात. आपण ऑफिस किंवा कॉलेज बघून वेळ सांगतो. इन्सुलिन बघून सांगावी.

जेवणाआधी घ्यायचं जलद इन्सुलिन, म्हणजे लिस्प्रो, अस्पार्ट वगैरे, १०-१५ मिनिटांत सुरू होतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर शिगेला असतो आणि चारेक तास ते अंगात राहतं. जुनं पारदर्शक रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासाने सुरू होतं, दोन ते चार तासांत जोरात आणि सहा-आठ तास चालतं. दुधाळ दिसणारं एनपीएच आणखी उशिरा, चार ते दहा तासांच्या दरम्यान. आणि आपल्याकडे अनेकांना दिलेलं ३०/७० म्हणजे या शेवटच्या दोघांचं मिश्रण. एका सुईत दोन चढ.

यावरून हिशेब मांडा. सकाळी आठला ३०/७० घेऊन नाश्ता केला असेल, तर साडेअकरा-बारा ही वेळ वाईट: रेग्युलरचा उतार आणि एनपीएचचा चढ एकत्र येतात आणि नाश्ता तर केव्हाच जिरलेला असतो. जलद इन्सुलिनवाल्यांनी जेवणानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत सावध राहावं, विशेषतः डोस अंदाजाने घेतला असेल तेव्हा. सर्वांत फसवी वेळ संध्याकाळी पाच-सहाची. दुपारचं रेग्युलर अजून शिल्लक असतं, चहाबरोबरचं खाणं कामात राहून गेलेलं असतं, वर दिवसभराचा थकवा.

चांगली वेळ कुठली? रात्रीचं लांब चालणारं ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक असणाऱ्यांना बहुधा सकाळी साडेसहा-सातची, नाश्त्याच्या आणि नाश्त्याच्या सुईच्या आधीची. अंगात फक्त मंद, सपाट इन्सुलिन असतं. पहाटे शरीर स्वतःच साखर थोडी वर ढकलत असतं. रस्तेही मोकळे. उपाशीपोटी गाडी चालवायची हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडा ११० आहे आणि अंगात जेवणाचं इन्सुलिन नाही, तर पुढच्या अर्ध्या तासात तो कोसळण्याचं कारण कमी असतं. रात्री झोपताना एनपीएच घेणाऱ्यांना मात्र हे लागू नाही. त्यांचा जोर पहाटेच येतो.

हे सगळं सर्वसाधारण. लर्निंग हातात आल्यापासून पक्क्या लायसन्सच्या टेस्टला निदान ३० दिवस थांबावंच लागतं. क्लास लगेच लावू नका. त्यातले पहिले चार-पाच दिवस, क्लासची जी वेळ धरणार त्याच वेळी, अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा साखर बघून वहीत लिहा. आपली वेळ कुठली ते तीच सांगेल.

गाडीत बसण्याआधी

मोजण्याआधी हात धुवा. हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही. आंबा, संत्रं, केळं सोललेल्या बोटावर साखरेचा थर राहतो आणि ७० ची साखर १५० दिसू शकते. गाडीच्या बाबतीत याचं सर्वांत वाईट रूप म्हणजे लो झाल्यावर ग्लुकोजची पूड खाल्ली, पंधरा मिनिटांनी त्याच बोटाला सुई टोचली आणि "झाली की वर!" म्हणून किल्ली फिरवली. जवळ पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका, दुसरा थेंब पट्टीला लावा.

हाताला साखर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल तर आकड्यापेक्षा बाण महत्त्वाचा. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरवर सरळ खाली जाणारा बाण म्हणजे साखर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने उतरते आहे. १२० आणि खाली बाण, म्हणजे अर्ध्या तासाच्या क्लासच्या शेवटी तुम्ही ६० वर किंवा त्याखाली असू शकता. नुसता मीटर असता तर १२० बघून निर्धास्त बसला असतात, सेन्सरमुळे थांबता येतं. पण सेन्सर रक्त मोजत नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो, आणि साखर वेगाने बदलत असताना तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. म्हणून आकडा आणि वाटणं जुळत नसेल तर बोटातून बघा. मोबाइलवर आकडा बघण्याचं काम गाडी उभी असतानाच. लो-चा अलार्म मात्र चालू ठेवा आणि तो वाजला की काय करायचं ते सरांना माहीत असू द्या.

आकडा ७० ते १०० च्या मध्ये असेल तर साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं खाऊन थांबा, परत बघा, मगच बसा. साध्या ग्लुकोज बिस्किटात एकेकात अंदाजे ४ ग्रॅम असतात, म्हणजे चार बिस्किटं. ७० च्या खाली असेल तर त्या दिवशीचा क्लास रद्द. अर्ध्या तासाची फी गेली तर जाऊ द्या. साखर वर आली तरी विचारशक्ती लगेच येत नाही, म्हणून ब्रिटनचा नियम साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायला सांगतो. तेवढ्यात क्लास संपलेलाच असतो.

वरच्या टोकाचं काय? ३०० च्या पुढे साखर गेली की डोळ्यांपुढे धूसर येतं, ग्लानी येते, दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागतं. अशा अवस्थेत घाटात गाडी काढू नये हे सांगायला नियम नको. मळमळ असेल, पोट दुखत असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) बघा आणि दवाखाना गाठा. पण नवख्याने एक लक्षात ठेवावं: लो होण्याच्या भीतीने रोज क्लासआधी मुद्दाम साखर अडीचशेवर चढवून बसणं हा उपाय नाही. टेन्शननेही साखर चढते, तो अडीचशेचा आकडा बघून आपण क्लासनंतर जास्त इन्सुलिन घेतो आणि दोन तासांनी घरी लो होते.

साखर कुठली, किती, कुठे ठेवायची

शुद्ध ग्लुकोज सर्वांत चांगलं. औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूड स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा १५ ग्रॅम तोलून बघा, ती किती चमचे होते ते ध्यानात ठेवा आणि तसे तीन-चार भाग करून झाकणाच्या छोट्या डब्यांत भरा. पूड कागदी पुडीत किंवा सीलबंद पाऊचमध्ये ठेवू नका, थरथरत्या हातांना पाऊच फाडता येत नाही. घरातली साखर असेल तर सपाट चमच्यात ४ ग्रॅम, म्हणजे चार चमचे. साखर घातलेलं शीतपेय १५० मिली. पाकिटातला रस घेतलात तर मागे छापलेले १०० मिलीतले ग्रॅम वाचा आणि 'शून्य साखर' छापाची बाटली चुकून गाडीत येत नाही ना हे बघा. हल्ली दोन्हींचे रंग इतके सारखे असतात की घाईत चूक होते.

चॉकलेट, पेढा, आइस्क्रीम नको. त्यातला स्निग्धांश साखरेला पोटात अडकवून ठेवतो.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही पुष्कळदा सांगायची राहते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल, आणि आपल्याकडे ती खूप जणांना असते, तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. ही गोळी आतड्यात साखरेची फोड होऊच देत नाही, तेच तिचं काम आहे. अशांनी जवळ फक्त ग्लुकोज ठेवावं. खडीसाखर, गूळ, सरबत यांच्या भरवशावर राहू नये.

डबा ठेवायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात. मागच्या सीटवरच्या बॅगेत नाही, कारण सीटबेल्ट लावून तिथे हात पोहोचत नाही. दुचाकीवर असाल तर डिकीत नाही, अंगावरच्या खिशात. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रोज तीच असेल असं नाही, तेव्हा डबा गाडीचा नसून तुमचा असू द्या.

इन्सुलिन आणि पट्ट्यांचं उलटं. त्या गाडीत अजिबात सोडायच्या नाहीत. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या खाली ठेवायचं असतं आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान सहज ५० च्या पुढे जातं. ते इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण मग साखर का उतरत नाही हे कळत नाही आणि डोस वाढवला जातो. नवं पेन सुरू केलं की तोच वाढवलेला डोस लो करतो. ग्लुकोमीटरही साधारण ४० अंशांच्या पुढे गेला की मोजायचं नाकारतो. तेव्हा तो सावलीत, बॅगेत, अंगाजवळ.

सरांना काय सांगायचं

सांगायचंच. लपवून शिकणं हा सर्वांत धोक्याचा पर्याय. पहिल्या दिवशी, गाडी सुरू करण्याआधी, दोन मिनिटांत होतं: "सर, मी इन्सुलिन घेतो. कधी शुगर कमी झाली तर मी गाडी बाजूला घेईन आणि ग्लुकोज खाईन. मी अचानक गप्प झालो, विचारलेल्याला उत्तर दिलं नाही किंवा उगाच चिडलो, तर तुमचा ब्रेक दाबून गाडी थांबवा आणि या डब्यातलं मला खायला द्या. मी शुद्धीवर नसलो तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा."

शेवटचं वाक्य वगळू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतणं हा आपल्याकडचा पहिला आणि घातक उपाय असतो. ते श्वासनलिकेत जातं. "चिडलो तर" हेही मुद्दाम सांगा. साखर उतरली की गिऱ्हाईक हट्टी होतं, "मला काही झालेलं नाही" म्हणतं, आणि सरांना तो उर्मटपणा वाटतो. स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखाली क्लच-ब्रेक असतो, ते गाडी नक्की थांबवू शकतात. घरच्या गाडीवर 'एल' लावून बाबा किंवा दादा शिकवत असतील तर ती सोय नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस तरी ड्युअल कंट्रोलची गाडी सोडू नये.

एखाद्या स्कूलने हे ऐकून नकार दिला तर वाद घालत बसू नका, दुसरं बघा. ज्याच्या मनात धाकधूक आहे त्याच्या शेजारी बसून शिकण्यात अर्थ नाही.

थांबण्याचा सराव वेगळा करून घ्या. हाफ क्लच, रिव्हर्स, चढावर गाडी उचलणं हे सगळं शिकवतात, पण चालू रहदारीत घाई न करता डावीकडे येऊन थांबणं कुणी वेगळं शिकवत नाही. इंडिकेटर, आरसा, मान वळवून डाव्या बाजूची दुचाकी बघणं, वेग कमी, कडेला गाडी, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन बंद, चारही दिवे लुकलुकते. मग किल्ली काढून ड्रायव्हरच्या सीटवरून उठायचं आणि बाजूला बसून ग्लुकोज खायचं. उठण्याचं कारण साधं आहे. साखर उतरलेल्या मेंदूला "दोन मिनिटांवर तर घर आहे" हे फार पटतं. सीट सोडलेली असली की त्या मोहाला एक पायरी जास्त चढावी लागते. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. वर आल्यावर पोळीचा रोल, बिस्किटं असं काहीतरी टिकणारं खायचं, आणि पाऊण तास थांबायचं.

ज्यांना लो झाल्याचं कळतच नाही, थेट ५० ला गेल्यावर दुसऱ्यांच्या लक्षात येतं, त्यांनी क्लास पुढे ढकलावा. वारंवार लो होत राहिली की शरीर इशारा देणं सोडून देतं. ते बऱ्याचदा परत येतं: काही आठवडे एकही लो होऊ न देण्याचा कडक बेत डॉक्टरांबरोबर आखला, तर इशारे पुन्हा जाणवू लागतात. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. तेव्हा घामाकडे लक्ष.

डोळे आणि पाय

नुकताच मधुमेह कळला असेल किंवा खूप चढलेली साखर नुकतीच आटोक्यात आली असेल, तर काही आठवडे चष्म्याचा नंबर बदलत राहतो, कारण डोळ्यातलं भिंग साखरेप्रमाणे फुगतं आणि ओसरतं. या काळात नवा चष्मा करू नका आणि लर्निंगची घाईही करू नका. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी केली असेल, तर त्या दिवशी गाडी चालवून घरी येऊ नये. रेटिनाला लेझर झालं असेल तर समोरचं स्वच्छ दिसत असूनही रात्रीची आणि कडेची नजर कमी झालेली असू शकते. नंबरप्लेट वाचण्याच्या चाचणीत हे कळत नाही. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्या.

पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर ब्रेक किती दाबला ते पायाला न कळता गाडीच्या झटक्यावरून कळतं, म्हणजे उशिरा. पातळ, सपाट तळव्याचे, टाचेला धरून बसणारे बूट घाला. चप्पल पेडलखाली अडकते. बधिरपणा डाव्या पायात असेल तर ऑटोमॅटिक गाडीने प्रश्न सुटतो आणि चारचाकीचं लायसन्स आपल्याकडे गियर-विनागियर असं वेगळं नसतं. उजव्या पायात असेल तर ऑटोमॅटिकनेही सुटत नाही, आधी डॉक्टर.

टेस्टचा दिवस

पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंगनंतर ३० दिवसांनी आणि त्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीत द्यायची असते. टेस्ट चार-पाच मिनिटांची, वाट बघणं तीन-चार तासांचं, तेही बऱ्याचदा उघड्यावर. आपला घोळ होतो तो या वाट बघण्यात. स्लॉट दहाचा म्हणून नऊला सुई घेतली, "टेस्ट झाली की निवांत खाऊ" म्हणून नाश्ता अर्धवट ठेवला, आणि नंबर लागला साडेबाराला. असं करू नका. सुई आणि पूर्ण नाश्ता सकाळी सातलाच उरकून घ्या, म्हणजे जलद इन्सुलिन अकराच्या सुमारास ओसरलेलं असेल. रेग्युलर किंवा ३०/७० असेल तर मधल्या वेळचं खाणं घड्याळ लावून रांगेतच खा. नंबर जवळ आला की पुन्हा मोजा. मोबाइल बाजूला ठेवायला सांगतील आणि सेन्सरचा आकडा दिसेनासा होईल हे धरून चाला. साधा मीटर आणि दोन-चार पट्ट्या खिशात असू द्यात.

आकडा कमी आला तर इन्स्पेक्टरसाहेबांना सांगून नंबर मागे घ्या किंवा दुसरी तारीख घ्या. इंग्रजी एच काढताना किंवा चढावर गाडी थांबवून उचलताना साखर ६५ असेल, तर नापास होणं ही त्यातली बरी शक्यता.

आणि टेस्ट पास झाल्यावर दुपारभर लक्ष असू द्या. ताणाने चढलेली साखर ताण गेल्यावर उतरते. घरी येताना गाडी सरांनाच चालवू द्या.

लायसन्स हातात आल्यावर लगेच लोणावळा काढायचा मोह सगळ्यांना होतो. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर मनाला येईल तिथे थांबता येत नाही, म्हणून मोजायचं ते निघताना आणि घाट सुरू होण्याआधी, फूडमॉलवर गाडी लावून. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यकृत साखर सोडायला कुचराई करतं. आदल्या दिवशी किल्ला चढून आला असाल तर त्याची ओढ चोवीस तासांपर्यंत राहते. राजगडाहून उतरून त्याच संध्याकाळी गाडी चालवत परत येणार असाल, तर पायथ्याशी चहा येईपर्यंत बोटाला सुई टोचून घ्या. आणि हात आधी धुवा.